मागच्या ड्रमच्या जागी डिस्क: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला कितपत उपयोगी?

सह्यवाट
गाडी स्विफ्ट, २०१४ चं पेट्रोल मॉडेल, एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेलं. चाकं १४ इंची. वापर जास्त करून कोल्हापूर–आंबोली–सावंतवाडी, बऱ्याचदा पाच माणसं आणि डिकी भरलेली. तक्रारी दोन. घाटाच्या शेवटी शेवटी पेडल खोल जातं, आणि चढावर हँडब्रेक आठव्या-नवव्या खटक्याला जेमतेम धरतो. मागे डिस्क बसवाव्यात असा विचार आहे. कुणी बलेनो आरएसचे मागचे भाग सुचवतं, कुणी एस-क्रॉसचे. काय काय लागतं, कुठे घोळ होतो, आणि मुळात फरक पडतो का, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ड्रमवाला
दोन्ही लक्षणं ढिल्या जुळवणीची आहेत. ड्रम लहान पडतोय असं यावरून म्हणता येत नाही.

ड्रम तापला की व्यासाने वाढतो, म्हणजे आतून त्याच्यावर दाबल्या जाणाऱ्या अर्धगोल शूच्या लायनरपासून (घर्षणाच्या थरापासून) लांब जातो. २०० मिमीचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यास जवळजवळ ०.४५ मिमीने वाढतो. लायनर आणि ड्रममधली फट आधीच जास्त असेल तर ही वाढ त्यात मिळते आणि पेडल खाली जातं. डिस्कचं उलट असतं, ती तापून जाड होते आणि पॅडच्या दिशेनेच येते. तेव्हा घाटात पेडल खोल गेलं की आधी ही फट तपासायची, आणि ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते बघायचं.

हँडब्रेकचा नववा खटका म्हणजे बहुतेक वेळा आतला ॲडजस्टर गंजून अडकलेला. पेडलच्या दाबाबरोबर तो आपोआप पुढे सरकायला हवा. तो सरकत नाही, लायनर झिजत जातं, फट वाढत जाते. मग गॅरेजमध्ये काय करतात, तर लिव्हरखालची केबल ताणून देतात. खटके कमी होतात, गिऱ्हाईक खूश. पण ताणलेल्या केबलने शूवरची लिव्हर अर्धी ओढलेलीच राहते, शू टेकणीवर परत बसत नाही, आणि बऱ्याच रचनांत त्यामुळे ॲडजस्टर कायमचा निकामी होतो. पेडल होतं तसंच खोल. म्हणून क्रम कायम हाच: केबल पूर्ण ढिली, मग शू ॲडजस्ट, आणि सगळ्यात शेवटी केबल.

बेअरिंगबुवा
+१. डिस्कचं नंतर बघू. आधी ड्रम उघडून आत काय आहे ते लिहा.

माधुरी_पी
मागच्या ब्रेकवर किती काम पडतं त्याचा हिशेब मांडते, म्हणजे पुढची चर्चा नेमकी होईल. आकडे या वर्गातल्या गाडीचे, उदाहरणासाठी धरलेले आहेत.

दोन माणसांसकट वजन ११०० किलो. त्यातलं ३८ टक्के, म्हणजे सुमारे ४१८ किलो मागच्या चाकांवर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५४ मीटर, व्हीलबेस २.४३ मीटर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला (मंदन ०.८ जी, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) की पुढे सरकणारा भार = ११०० × ०.८ × ०.५४ ÷ २.४३, म्हणजे सुमारे १९५ किलो. मागे उरले २२३. एकूण वजनाचे २० टक्के. तेवढ्याच प्रमाणात मागचे टायर रस्ता धरू शकतात, त्याहून जास्त ब्रेक मागे दिला की चाक लॉक, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं.

ओल्या रस्त्यावर ०.३ जीचं हलकं ब्रेकिंग धरलं तर मागचा वाटा ३१ टक्क्यांवर येतो. पाच माणसं आणि सामान (१३५० किलो, मागे ४७ टक्के, गुरुत्वमध्य थोडा वर) धरून पुन्हा ०.८ जीला मोजलं तर २८–२९ टक्के. म्हणजे एकाच गाडीला मागे कधी २० टक्के हवेत, कधी ३०. हे जुळवायलाच प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असतो. काही गाड्यांत तो मास्टर सिलिंडरजवळ, काहींत मागच्या ॲक्सलला लिंकने जोडलेला, भार ओळखणारा. एबीएस असलेल्या गाडीत हेच काम ईबीडी करतं.

सह्यवाट, तुमच्या गाडीला एबीएस नाही, त्यामुळे मागचं चाक लॉक झालं तर सोडवणारं कुणी नाही. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर मागची बाजू पुढे यायला बघते, आणि ओल्या वळणावर ते आवरणं कठीण. म्हणूनच युरोपच्या आर-१३एच नियमात ०.१५ ते ०.८ जीपर्यंत, गाडी रिकामी असो की भरलेली, मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत अशी अट आहे.

कोकणस्वार
माधुरीताई, डिस्क लावली की मागचा ब्रेक आपोआप जास्त लागतो का? की फक्त उष्णता लवकर जाते?

माधुरी_पी
कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनवर अवलंबून आहे, आणि नेमका हाच मुद्दा किट विकणारे सांगत नाहीत.

ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ड्रमवर आणखी ओढला जातो, त्यामुळे थोड्या दाबात जास्त पकड मिळते. लीडिंग-ट्रेलिंग रचनेत हा गुणक २ ते २.५ च्या आसपास असतो. डिस्कला असली मदत नसते. तिथे गुणक म्हणजे पॅडच्या घर्षणांकाची दुप्पट, साधारण ०.७६. म्हणून डिस्कला पिस्टन मोठा लागतो.

एका चाकाचा हिशेब, प्रत्येक बार दाबामागे:

ड्रम, व्हील सिलिंडर (शू बाहेर ढकलणारा) १७.४६ मिमी (म्हणजे ११/१६ इंच), ड्रम २०० मिमी, गुणक २.२: सुमारे ५.३ न्यूटन मीटर.
डिस्क, पिस्टन ३४ मिमी, परिणामी त्रिज्या १०५ मिमी: सुमारे ७.२.
तीच डिस्क, पिस्टन ३० मिमी: सुमारे ५.६.
पुढची डिस्क, पिस्टन ५१ मिमी, त्रिज्या १०५ मिमी: सुमारे १६.३.

ड्रम असताना मागचा वाटा ५.३ भागिले २१.६, म्हणजे २४–२५ टक्के. ३४ मिमीचा पिस्टन लावला की ३१. कोरड्या रस्त्यावर दोन माणसांच्या गाडीला हवे होते २०. मूळ व्हॉल्व्ह २५ वरून खाली आणायला जुळवलेला असतो, ३१ वरून नाही. ३० मिमीचा पिस्टन मूळ ड्रमच्या अगदी जवळ जातो.

डिस्कचा व्यास सगळे विचारतात. पिस्टनचा व्यास विचारा.

पाना१४
याला जोडून पॅडचं. बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेला शेवटी दोन इंग्रजी अक्षरांचा कोड छापलेला असतो, पहिलं अक्षर थंड घर्षणांकाचं, दुसरं गरमचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. मागे कधीही पुढच्यापेक्षा वरच्या अक्षराचं पॅड लावू नका. पुढे एफएफ असेल तर मागे एफएफ किंवा ईई. पुढे साधं आणि मागे "स्पोर्ट" पॅड हे मी तरी कुठल्याच छोट्या गाडीला सुचवणार नाही.

निपाणीकर
ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मिळतो की. तो मागच्या लाइनवर टाकला की प्रश्न मिटला.

माधुरी_पी
निपाणीकर साहेब, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत मागची अशी एक लाइनच नसते. ब्रेकचे दोन सर्किट तिरके असतात: पुढचं डावं–मागचं उजवं एक, पुढचं उजवं–मागचं डावं दुसरं. कारण साधं. वजन इतकं पुढे असताना पुढचं एक आणि मागचं एक अशी सर्किटं केली, आणि पुढचं फुटलं, तर उरलेल्या मागच्या चाकांत गाडी थांबवण्याइतका दम नसतो. तिरक्या विभागणीत एक सर्किट गेलं तरी निम्मा ब्रेक शिल्लक राहतो.

बाजारातला एक इनलेट, एक आउटलेटवाला व्हॉल्व्ह पुढे-मागे विभागणीच्या गाड्यांसाठी आहे. तो बसवायला दोन्ही मागच्या लाइन टी लावून एकत्र केल्या की दोन सर्किटं एकमेकांत मिसळली. मग कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हे काम करून देणारे आहेत, म्हणून ठासून लिहिते: करू नका. तिरक्या विभागणीला दोन वेगळे व्हॉल्व्ह लागतात, आणि ते दोन्ही अगदी सारखे जुळवावे लागतात, नाहीतर ब्रेक लावताना मागची बाजू एकीकडे ओढेल.

निपाणीकर
हे लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद ताई.

बेअरिंगबुवा
आता भागांकडे.

एस-क्रॉसला २०१५ पासून चारही डिस्क होत्या हे खरं, पण तिचं चाक पाच बोल्टांचं, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिमी. स्विफ्टचं चार बोल्टांचं, १०० मिमी. डिस्कला नवी भोकं पाडून मिळतात असं कुणी सांगितलं तर उठून या. हबचं मधलं भोक, बोल्टची जागा आणि डिस्कचा ऑफसेट, तिन्ही वेगळे.

बलेनो आरएस (२०१७ ला आली, आता बंद) चारही डिस्कची आणि पीसीडी ४×१००, म्हणून तिचं नाव निघतं. पण ती बलेनो हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवर आहे, २०१४ ची स्विफ्ट त्याआधीच्या. मागच्या टॉर्शन बीमच्या (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) टोकाला प्लेट असते, तिला स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) बोल्टांनी बसतो. त्या बोल्टांमधली अंतरं, स्टबची लांबी, बेअरिंगची बैठक हे सगळं व्हर्नियरने मोजल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शिवाय आरएसची चाकं १६ इंची होती. तुमच्या १४ इंची रिमच्या आत मागचा कॅलिपर बसतो की घासतो हे आधी बघा. रिम आणि कॅलिपरमध्ये सगळीकडे किमान ३ मिमी मोकळं हवं, आणि चाकाच्या आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं धरून.

लागणारे भाग, दोन्ही बाजूंचे मिळून: स्टब ॲक्सल २, बेअरिंगसह हब २, डिस्क २, धूळपत्रे २, कॅलिपर ब्रॅकेट २, हँडब्रेक लिव्हर असलेले कॅलिपर डावा-उजवा, पॅडचा एक संच, लवचिक होज २, बँजो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारे पोकळ बोल्ट) २ आणि तांब्याचे वॉशर ४, हँडब्रेक केबल २, नवे स्पिंडल नट २, ब्रेक ऑइल एक लिटर. होजचं टोक ड्रमच्या गाडीत वेगळं असतं, त्यामुळे बीमवरच्या लोखंडी पाइपचा शेवटचा तुकडाही बहुधा नवा, डबल फ्लेअर करून घ्यावा लागतो.

यातलं वाढत जाणारं प्रकरण म्हणजे केबल. ड्रमची केबल बॅकप्लेटच्या (ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या) आत शिरते, डिस्कची बाहेर कॅलिपरच्या लिव्हरला लागते. लांबी जुळत नाही, टोकाचा गोळा जुळत नाही. जुनी केबल कापून वायर-क्लॅम्पने जोडलेली गाडी रस्त्यावर आणू नये.

कोकणस्वार
अनेक मारुतींमध्ये बेअरिंग ड्रममध्येच प्रेस केलेलं असतं ना? मग ड्रम गेला की हबही गेला.

बेअरिंगबुवा
बरोबर, म्हणून वर हब वेगळा लिहिला. आणि तो स्पिंडल नट एकदाच वापरायचा. कॉलर खोबणीत ठोकून लॉक केलेली असते, सरळ करून पुन्हा ठोकली की तिथेच तडकते. नवा नट, टॉर्क रेंच, आणि आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला.

पाना१४
हँडब्रेकवाल्या कॅलिपरमध्ये लोक कुठे चुकतात ते लिहून ठेवतो.

पिस्टन सी-क्लॅम्पने दाबायचा नाही. आत स्क्रू असतो, तो फिरवूनच मागे जातो, बहुधा घड्याळाच्या दिशेने. त्यासाठी दोन किंवा चार खुंट्यांचं विंडबॅक टूल मिळतं. जोराने दाबला तर स्क्रूची यंत्रणा तुटते आणि नवा कॅलिपर बाद.

पिस्टनच्या तोंडावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, आतल्या पॅडच्या पाठीवर छोटी खुंटी. खुंटी खाचेत बसलीच पाहिजे. नाही बसली तर पॅड तिरकं दाबलं जातं आणि थोड्याच दिवसांत एका कोपऱ्यात पत्रा दिसायला लागतो.

डावा-उजवा उलट लावू नका. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सगळ्यात वर यायला हवा. तो खाली आला की हवा वर अडकून राहते, कितीही ऑइल काढा, पेडल स्पंजसारखं.

स्लाइड पिनला फक्त ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन जाम होते.

शेवटी केबल जोडण्याआधी पेडल वीसेक वेळा शांतपणे दाबून पॅड डिस्कजवळ आणायचे. मग केबल. हँडब्रेक सोडलेला असताना कॅलिपरवरची लिव्हर आपल्या टेकणीला पूर्ण टेकलेली दिसली पाहिजे. अर्धा मिलिमीटरही वर राहिली तर पॅड घासत राहील.

कोकणस्वार
समुद्राकाठच्या गाड्यांसाठी एक भर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत मागच्या डिस्कला काम इतकं कमी की गंज खरवडून निघतच नाही. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर, आतल्या बाजूला चर, आणि हँडब्रेक लिव्हरचा दांडा सीलमध्ये गंजून अर्धा ओढलेला. मालवण-वेंगुर्ल्याकडे मागचा आतला पॅड आधी संपलेला दिसतो तो यामुळेच. ड्रम बंद असल्यामुळे हे कमी. फोक्सवॅगनने आयडी.४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रम दिले त्यामागेही हाच विचार आहे: मोटारच बरंचसं ब्रेकिंग करते, मग क्वचित वापरातली डिस्क गंजत ठेवायची कशाला.

ड्रमचा तोटा उलट बाजूचा. पाण्यातून गेलं की आत पाणी राहतं. मोरीवरचं पाणी ओलांडलं की पुढे दोनशे-तीनशे मीटर हळू चालवत डाव्या पायाने पेडल हलकं धरून ड्रम सुकवावा.

पाना१४
डावा पाय सवय असेल तरच. नाहीतर उजव्यानेच, अधूनमधून हलके दाबे देत.

बर्मिंगहॅमकर
इकडची एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी, रोलरवर होते. तिचे आकडे घरच्या गाडीलाही मोजपट्टी म्हणून वापरता येतील. एका ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकात ३० टक्क्यांहून जास्त फरक आला की नापास. हँडब्रेक गाडीच्या वजनाच्या किमान १६ टक्के. मुख्य ब्रेक ५० टक्के, सप्टेंबर २०१० पासून नोंदलेल्या मोटारींना ५८. तिकडेही आता स्वयंचलित तपासणी केंद्रांत रोलर ब्रेक टेस्टर असतात. डिस्कचं काम करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा चारही चाकांचे आकडे घेतले की वाद उरत नाही.

डिस्क लावल्यावर हँडब्रेकचा आकडा बऱ्याचदा खाली येतो. ड्रममध्ये शूची स्वतःहून ओढून घेण्याची मदत हँडब्रेकलाही मिळते, कॅलिपरमध्ये नाही. तुमची दुसरी तक्रारच हँडब्रेकची आहे, तेव्हा डिस्कने ती सुटेल याची खात्री धरू नका.

निपाणीकर
कायद्याचं कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं १८२अ(४): मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ब्रेकची रचना बदलणं आणि झिजलेला ड्रम-शू नवा टाकणं यात कायद्याच्या नजरेत मोठा फरक आहे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्वेअरच्या नजरेत आला तर दावा अडकतो.

सह्यवाट
सगळ्यांचे आभार. मग आधी ड्रमच पूर्ण करून घेतो. ड्रमवाला, गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घ्यायचं तर कुठे कुठे बघू? आणि एबीएसवाल्या गाड्यांचंही कुणीतरी दोन ओळींत लिहा, चुलतभावाची आहे.

माधुरी_पी
एबीएसचं: मागच्या चाकाचा वेग वाचणारी रिंग काही गाड्यांत हबवर दातेरी असते, काहींत बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय. नव्या हबच्या रिंगचे दाते वेगळे असले की संगणकाला मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरताना "दिसतात". दिवा लागतो, आणि एबीएसबरोबर ईबीडीही बंद, म्हणजे मागच्या दाबावर लगाम राहत नाही. एबीएसचं मॉड्युलेटर दाब किती सोडायचा, किती भरायचा, हे मूळ ब्रेकला किती ऑइल लागतं त्यावर बेतलेलं असतं. ड्रमच्या व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन मिळून ४८० चौरस मिमी, ३४ मिमीच्या कॅलिपरचा एक ९०८. चुलतभावाने त्याच मॉडेलचं कंपनीने चार डिस्कचं व्हेरिएंट काढलं असेल तर त्याचा पूर्ण संच, मॉड्युलेटरसकट, एवढंच बघावं. आय२० एन लाइनसारखी चारही डिस्कची गाडी घेणं यापेक्षा स्वस्त पडेल असं माझं मत.

ड्रमवाला
सह्यवाट, हे बघा.

पुढच्या चाकांच्या पुढे-मागे ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. स्टँडवर घ्यायला सांगा, नुसत्या जॅकवर नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरी बाजू स्प्रिंगचा नकाशा म्हणून समोर राहते.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर फवारून ओलीच पुसायची.

मग व्हील सिलिंडर. दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने अलगद उचला. आत ओल दिसली की सिलिंडर बदलायचा, आणि दोन्ही बाजूंचे. आकार मूळचाच. मोठा सिलिंडर टाकून ब्रेक वाढवतो म्हणणाऱ्याला माधुरीताईंचा हिशेब दाखवा: ११/१६ च्या जागी ३/४ इंच टाकला की क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी वाढतं, आणि मागचा ब्रेकही तेवढाच.

ड्रमच्या बाहेर किंवा आत कमाल व्यास कोरलेला असतो. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. कमाल आकड्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर घासून वापरू नये, बदलावा. बेअरिंग ड्रममध्येच असेल तर लेथवर बेअरिंगच्या बैठकीवरून केंद्र धरायचं, बाहेरच्या कडेवरून धरलं तर ब्रेक लावताना पेडल थरथरतं.

लायनर १ मिमीपर्यंत आलं की संपलं. ऑइल किंवा ग्रीस लागलेलं लायनर सँडपेपरने घासून परत येत नाही. दोन्ही शूंचं लायनर कमी-जास्त लांबीचं असेल तर जागा अदलाबदल करू नका. ॲडजस्टरही डावा-उजवा वेगळा, उलट लागला की फट कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते.

बॅकप्लेटवर शू घासतो त्या उंचवट्यांवर (बहुधा सहा) खड्डे पडलेत का ते बोटाने चाचपा. खड्ड्यात शू अडकतो आणि ब्रेक झटक्याने लागतो. कानसने सपाट करून तिथे उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस, नुसता पातळ हात. ॲडजस्टरचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून बोटांनी फिरतील असे करायचे. तुमच्या गाडीत मूळ दुखणं इथेच असण्याची शक्यता जास्त.

जुळवणी: केबल ढिली, ड्रम चढवून हाताने फिरवल्यावर सगळीकडे सारखा हलका खरखर आवाज यावा. पेडल दहा-पंधरा दाबे. मग केबल, इतकी की हँडब्रेक मॅन्युअलमधल्या खटक्यांत धरेल. सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतात का ते तिथेच बघा.

नंतर ब्रेक ऑइल. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चे २३० आणि १५५. दोन वर्षांपलीकडचं असेल तर पूर्ण बदला. जांभळ्या रंगाचं सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. मॅन्युअलचा ब्लीडिंग क्रम पाळा, तिरक्या सर्किटमध्ये बहुधा एक मागचं चाक आणि त्याच्या कर्णावरचं पुढचं, मग दुसरी जोडी.

माधुरी_पी
घाटाबद्दल एक आकडा. आंबोलीहून सावंतवाडीकडे सुमारे ६०० मीटर उतार. ११०० किलोच्या गाडीची तेवढ्या उंचीची ऊर्जा साधारण ६५ लाख जूल. पाच माणसांत ८० लाख. ती कुठेतरी उष्णता म्हणून जायची आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर मोठा हिस्सा इंजिन खातं. चौथ्यात उतरलात तर बराचसा ब्रेकवर, आणि त्याचाही तीन चतुर्थांश पुढच्यांवर. तुमच्या खोल जाणाऱ्या पेडलसाठी पुढचे पॅड, पुढच्या डिस्कची जाडी आणि टायरचं वय हेही त्याच दिवशी तपासून घ्या.

बर्मिंगहॅमकर
काम झाल्यावर चाचणी: नवीन शू आधी बसू द्यायचे, ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट चालवत. गरम असताना हँडब्रेक ओढून उभं राहायचं नाही. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही बाजू मोजा. पुढची-मागची तुलना नको, मागची डावी आणि मागची उजवी बघा. फरक ठळक असेल तर एक बाजू घासतेय किंवा एक लागतच नाही.

सह्यवाट
उत्तम. शनिवारी गाडी लावतोय. एकच शंका: ड्रम निघतच नसेल तर? मागच्या वेळी हातोड्याचे घाव घालताना पाहिलं होतं.

ड्रमवाला
हातोड्याने ड्रमची कड तडकते आणि बेअरिंगवर खुणा पडतात. ड्रमला कड पडलेली असते, तिच्यामागे शू अडकतो. आधी हँडब्रेक केबल पूर्ण ढिली करायची, बॅकप्लेटच्या मागच्या रबरी बुचातून स्क्रूड्रायव्हर घालून शू मागे सोडवायचे. तुमच्या मॉडेलला बेअरिंग ड्रममध्ये असेल तर स्पिंडल नट काढून स्लाइडिंग हॅमरने ओढायचा. हब वेगळा असेल तर ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात, त्यात दोन एम ८ बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत बसलं की तो तिरका होऊन आणखी घट्ट बसतो.